अहोच्या पुढे

१

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकलो ती कुलपांवर गिऱ्हाइकांची नावं कोरता कोरता, त्यामुळे माझं अक्षर अजून पत्र्यावर ठोकल्यासारखं येतं. लिहायला वेळ लागतो. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

बेचाळीस वर्षं मी कुलपं दुरुस्त केली. आता हात थरथरतात, कान मात्र शाबूत आहेत. किल्ली हरवलेलं कुलूप कानाशी धरून आत तार घातली, की कुठली लिव्हर, म्हणजे आतली पट्टी, कुठं अडते ते मला ऐकू यायचं. ही बढाई नाही. पुढं जे सांगायचंय त्याला माझ्या कानाशिवाय दुसरा साक्षीदार नाही, म्हणून आधी सांगून ठेवतो.

दीड वर्षापूर्वी बायकोच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, पाय ओढत चालते, आणि बोलणं सगळं गेलं. सगळं म्हणजे एक शब्द सोडून. अहो. लग्न झाल्यापासून मला ज्या शब्दानं हाक मारायची तेवढाच मागं राहिला. तहान लागली, अहो. डोळ्यावर उजेड येतो, अहो. पाय दुखतो, अहो.

पहिले दोन महिने माझा जीव नुसता विटून गेला. "अगं, अहो काय? अहोच्या पुढं काय?" असं मी एकदा ओरडलोसुद्धा. ती रडली, आणि रडतानाही अहोच म्हणाली. मग मी गप्प बसून ऐकायला लागलो, कुलूप ऐकावं तसा. हळूहळू कळत गेलं. पाण्याचं अहो कोरडं आणि आखूड असतं. खिडकीचं अहो शेवटी वर चढतं. दाराशी कुणी आलं की, "बघा हो, कोण आलंय," असं म्हणायची ती पूर्वी, त्याचं अहो लांब आणि दबक्या आवाजातलं, परक्याला ऐकू जाऊ नये असं. आणि मी बाहेरून आलो की होतं ते सगळ्यात साधं. त्यातला हो खाली येतो, हातातलं ओझं जमिनीवर ठेवावं तसा. आलात का.

मुलगा दुसऱ्या गावी असतो. तो फोनवर रोज एकच लावून धरायचा.

"बाबा, तुम्ही पंचाहत्तरीचे झालात. उद्या तुम्हाला काही झालं तर आईला काय हवं-नको ते कोण ओळखणार? तिला वृद्धाश्रमात ठेवू. तिथं चोवीस तास नर्स असतात."

"नर्सला अहो कळतं का?"

"बाबा, प्लीज."

शेवटी असं ठरलं की महिनाअखेरपर्यंत संशोधन केंद्राची, आईचं अहो ओळखून सांगणारी डबी तयार झाली तर आई घरीच राहील. नाही झाली, तर तो गाडी घेऊन येणार.

२

हे केंद्र माणसांची भाषा यंत्राला शिकवतं. मोठी काचेची इमारत. दारात गळ्यातलं कार्ड दाखवायचं, ते टुक करतं. माझं कार्ड एका खेपेत कधी टुक करायचं नाही. रखवालदार रोज म्हणायचा, "आजोबा, उलटं धरलंय." रोज.

त्यांनी आमच्या घरी, बायकोच्या खुर्चीच्या वरच्या फळीवर, साबणाएवढी एक डबी बसवली. ती दिवसभर ऐकते. बोलायचं तोंड तिला अजून बसवलं नव्हतं, ते शेवटी बसवणार होते. तिनं ऐकलेली सगळी अहो केंद्रात जायची. मी रोज दहाला घराला कुलूप लावून निघायचो, कारण एकदा ती भिंत धरत धरत बाहेर आली आणि जिन्यात पडली होती. केंद्रात भिंतींना गादी लावलेल्या एका खोलीत बसायचो, कानाला यंत्र लावायचो आणि एकेक अहो ऐकून त्याला चिठ्ठी द्यायचो. मला टंकता येत नाही, म्हणून चिठ्ठी तोंडानं सांगायची. पाणी. खिडकी. पाय. माझा आवाजही ते साठवून ठेवत होते. डबीला तोंड बसलं की ती माझ्याच आवाजात सांगेल, असं केंद्राच्या साहेबांचं म्हणणं होतं. मला वाटलं, बरं आहे, परक्या आवाजाला ती बिचकली असती.

त्या खोलीत यंत्र चालवणारी मुलगी तशी गुणी होती, पण नियमावर फार बोट ठेवायची.

"आजोबा, हे 'पाणी' की 'तहान'?"

"पोरी, तहान लागल्यावर माणूस काय मागतं?"

"एकच सांगा. एका आवाजाला एकच चिठ्ठी."

"अगं, आमच्या पन्नास वर्षांत तिचं एक अहो कधी एका कामाचं नव्हतं. भाजी आणा, आणि काल का नाही आणलीत, हे दोन्ही एकातच असायचं."

ती कपाळाला हात लावायची. पण हसायचीसुद्धा.

एक अहो मात्र मला कधीच कळलं नाही. मऊ, थोडं थांबून म्हटलेलं, मध्ये श्वास घेऊन. घरी ती तसं म्हणाली की मी पाणी द्यायचो, उशी हलवायचो, खिडकी लावायचो, परत उघडायचो. ती मान हलवत राहायची आणि मग दमून डोळे मिटून घ्यायची. त्यावर चिठ्ठी पडायची, 'माहीत नाही'. चार महिन्यांत अशी अठरा झाली. ती अठरा मला रात्रंदिवस टोचायची. उद्या मी नसताना तिनं नेमकं तेच मागितलं तर?

३

महिना संपायला तीन आठवडे होते. मुलीनं एक अहो लावलं. मी न थांबता म्हणालो, "आलात का."

"ठीक. पुढचं."

"थांब जरा." आवाज ऐकवला की समोरच्या पडद्यावर त्याची वेळ दिसते. आकडे मला चांगले कळतात. कालची तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं. "काल अकराला मी इथं होतो. ह्याच खुर्चीवर."

"मग चिठ्ठी बदलू?"

"चिठ्ठी बरोबर आहे."

"मग अडचण काय आहे, आजोबा?"

आता हिला काय सांगावं! चिठ्ठी बरोबर आहे हीच अडचण आहे. मी म्हटलं, माझा कान चुकला असेल. म्हातारपण. किंवा तिला भास झाला असेल, एकटी असते. चल, लाव पुढचं.

पुढच्या अहोला मी म्हणालो, "बसा." त्याच्या पुढच्याला, "दमलात ना." तशी ती मी घरी आल्यावर म्हणते. तिन्ही एकापाठोपाठ होती, आणि तिन्हींची वेळ पाच मिनिटांच्या आतली.

दुसऱ्या दिवशी परत अकरा दहा. तिसऱ्या दिवशी अकरा नऊ.

४

घरी तिला विचारलं. खुर्चीसमोर बसलो, तिचा चांगला हात हातात घेतला. "अगं, मी नसतो तेव्हा अकराला घरात कोण येतं?"

ती वाकडं हसली. अर्धाच चेहरा हसतो तिचा. माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "अहो."

"मी नाही. मी केंद्रात असतो. दुसरं कोण?"

परत बोट. "अहो." आता जरा चिडून, वेडे आहात का, अशा सुरात.

माझं डोकं तडकायची वेळ आली. तिच्याजवळ शब्द एकच, आणि तो माझाच. दुसरा कुणी येत असला तरी ती सांगणार कशी?

शेजारची सून जिन्यात भेटली, तिला विचारलं. ती आधीच पिशव्यांनी वैतागलेली.

"काका, कोण येणार तुमच्याकडे? तुम्हीच येता की मधे."

"तू बघितलंस मला?"

"मी काय दार उघडून बघत बसत नाही. चप्पल फरफटत चालता ना तुम्ही, ते कळतं. आमचं बाळ त्याच वेळेला झोपलेलं असतं. जरा पाय उचलून चाला ना, काका."

मी म्हणालो, बरं.

५

साहेबांकडे गेलो. माणूस भला, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाबाहेर उभं राहणं. मी म्हणालो, मला नुसती अहो नकोत. दोन अहोंच्या मधलं ऐकायचंय.

"मधे काही नसतं, आजोबा. शांतता असते. आम्ही ती कापून टाकतो, उगाच जागा अडते."

"कापता म्हणजे फेकून देता?"

"नाही, बाजूला असते. पण शांततेत काय ऐकणार तुम्ही?"

मी म्हणालो, "साहेब, कुलूप कसं उघडतात ठाऊक आहे? आवाज झाला की सगळ्यांनाच कळतं. कारागीर दोन आवाजांच्या मधलं ऐकतो."

त्यांनी सुस्कारा टाकला, मुलीकडे बघितलं. मुलीनंही सुस्कारा टाकला. बुधवारी मला आदल्या दिवशीची न कापलेली सकाळ मिळाली.

गादीच्या खोलीत एकटा बसलो. कानात आमचं घर. पंखा. नळाचा थेंब. तिचा श्वास. लांब कुठंतरी बाळ. अकरा वाजले. मग जिन्यात चप्पल फरफटली. पहिला मजला. दुसरा. दाराशी थांबली.

आमच्या दाराचं कुलूप मी स्वतः बनवलेलं, पाच लिव्हरचं. त्यातली तिसरी जुनी आहे, अडते. किल्ली सरळ फिरवली तर कुलूप उघडतच नाही. आधी अर्धा फेरा उलटा द्यावा लागतो, मग सरळ. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. किल्ली एकच. ती माझ्या आतल्या खिशात असते, तेव्हाही होती. मी वरून चाचपली.

कानात अर्धा फेरा उलटा झाला. मग सरळ. पाच लिव्हर मी एकेक मोजल्या.

मग ती म्हणाली, "अहो."

त्यानंतर जे होतं त्याला साहेब शांतताच म्हणाले असते. उंबऱ्याबाहेर चपला काढल्याचा आवाज, आधी डावी, मग उजवी. आतल्या खोलीचा पडदा सरकला. माझ्या लोखंडी खुर्चीचा एक पाय आखूड आहे, तिच्यावर वजन पडलं की ती एकदा टक करते. ती टक झाली.

मी कानातलं काढलं. बाहेर मुलगी काहीतरी खात होती. "मिळालं का काही?"

"नळ गळतोय," मी म्हणालो.

६

त्याच संध्याकाळी मी कुलूप बदललं. नवं कोरं, सात लिव्हरचं, बाजारचं. हात थरथरत असल्यानं दोन तास लागले. बायको मागून अहो, अहो करत होती, जेवायचं बघा, अशा सुरात. मी म्हणालो, "थांब गं, तुझ्यासाठीच चाललंय." किल्ल्या दोन होत्या. एकीचे मी तिथंच तुकडे केले.

नव्या कुलपाची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तेव्हा किल्ली चुकून उलटी घातली, काढली, परत घातली, खाली पडली. वाकून उचलताना तोंडातून आई गं निघालं.

शुक्रवारी परत न कापलेलं मागितलं. मुलगी म्हणाली, "आजोबा, असं करत राहिलो तर तुमची डबी महिनाअखेरपर्यंत होणार नाही. मग मला बोल लावू नका." खरं होतं तिचं. तरी तिनं लावून दिलं.

आदल्या दिवशीचे अकरा नऊ. किल्ली उलटी घातली गेली. काढली. परत घातली. खाली पडली. मग कुणीतरी वाकलं.

मी तेवढ्यावरच बंद केलं. वाकताना तोंडातून काय निघालं ते मला ऐकायचं नव्हतं.

खूप विचार केला. मीच तर मधे उठून घरी जात नसेन? म्हातारपणी माणसं विसरतात. केंद्राच्या वहीत बघितलं. आत येताना दहा वीसला माझं कार्ड टुक केलेलं, बाहेर जाताना एक वाजता. मधे कुठंच नाही. शिवाय मुलगी तीन तास समोर बसलेली असायची आणि तिनं मला बोलून बोलून हैराण केलेलं असायचं. मग राहिलं काय? मुलाला सांगावं, तर तो उद्याच गाडी घेऊन येईल, आणि दोघांनाही नेईल.

म्हणून मी चिठ्ठ्या देत राहिलो. आलात का. बसा. दमलात ना. अकरा ते बाराच्या अहोंत वैताग कमी कमी होत चालला होता. माझ्याजवळ असताना ती एका गोष्टीसाठी चार वेळा अहो म्हणते. त्या तासात एकदाच म्हणायची.

७

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा साहेब हसत हसत खोलीत आले.

"आजोबा, अभिनंदन! उद्या डबीला तोंड बसवतो. यंत्राला आता सगळं कळतं. तुमची ती अठरा होती ना, तीसुद्धा."

मी उठून उभा राहिलो. "काय मागत होती ती?"

"ते नाही सांगता येणार."

"म्हणजे?"

"यंत्र म्हणतंय, खात्री ब्याण्णव टक्के. चिठ्ठी मात्र कोरी आहे. तुम्ही कधी शब्दच दिला नाहीत ना त्याला, मग ते लिहिणार काय? पण कळलंय त्याला."

"कळलंय, पण सांगत नाही?"

"असं बघा, आजोबा..." आणि ते समजावायला लागले. पोराला समजावतात तसं, सावकाश. माझं सगळं आयुष्य कारागिरीत गेलं. कुलूप उघडलंय पण दार उघडत नाही, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुकानात उभं केलं नसतं. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"मला घरी जायचंय," मी म्हणालो.

"आत्ता? आज शेवटचा तास घ्यायचाय, आजोबा," मुलगी म्हणाली.

"घे ना. माझ्याशिवाय घे. माझा आवाज तुमच्याकडे आहे की."

दारात कार्डानं टुक केलं नाही. रखवालदारानं ते सुलट धरलं.

८

जिना मी पाय उचलून चढलो. एकदाही चप्पल घासू दिली नाही. अकरा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. आमच्या दाराबाहेर माझ्या जुन्या चपला काढलेल्या होत्या. नव्या माझ्या पायात होत्या.

त्या जुन्या मी कपाटावर टाकून ठेवल्या होत्या, असं मला वाटतं. नक्की आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करत तिथंच उभा राहिलो. मग किल्ली लावली. एका खेपेत लागली.

ती खुर्चीत होती, तोंड दाराकडे. खुर्चीच्या मागं आतल्या खोलीचा पडदा, वर फळीवर डबी. तिनं माझ्याकडे बघितलं. पन्नास वर्षांत तिनं माझ्याकडे कशाकशा नजरेनं बघितलं ते सगळं मला ठाऊक आहे. ही नजर त्यातली नव्हती. वीजबिल घेऊन आलेल्या माणसाकडे बघतात तशी होती. पदर सावरून ती किंचित मागं वळली.

आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "अहो."

लांब, दबक्या आवाजातलं. परक्याला ऐकू जाऊ नये असं. बघा हो, कोण आलंय.

आतली खुर्ची टक झाली.

मला हाक मारायची होती. अगं, मी आहे, एवढंच. पण ते आतून कुणी आधी म्हटलं तर? मी उंबऱ्यावर तसाच राहिलो. ती माझी वाट बघून कंटाळली, म्हणजे परका माणूस जाईना म्हणून कंटाळली असेल. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाली. मऊ. मध्ये श्वास घेऊन. एकोणिसावं.

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हात बाहेर आले. मनगटापर्यंतच दिसले. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, दुकानात लोखंड धरायच्या शिकंज्यात सापडलं होतं तेव्हाचं. माझा डावा हात मी खिशात घातला, का कोण जाणे. त्या हातांनी तिच्या मानेवर सुटून पडलेले केस गोळा केले, पिळले, वर घेतले आणि घट्ट अंबाडा बांधला. ती जन्मभर बांधायची तसा. एका हातानं तिला तो बांधता येत नाही. मला तर येतच नाही, मी सकाळी कशीबशी वेणी घालायचो आणि ती तासाभरात सुटायची. मानेला टोचत असतील केस. चार महिने. एवढंच होतं ते.

ते हात थरथरत नव्हते.

तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. अर्धा नाही, सगळा चेहरा हसला असं मला वाटलं, पण उजेड मागून होता.

मी दार ओढून घेतलं. कुलूप लावलं, कारण ती बाहेर आली तर पडते. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. परवा मुलाचा फोन येईल. डबीला तोंड बसलेलं असेल. तो विचारेल, बाबा, आईचं सगळं कळतं का डबीला? हो म्हणावं लागेल.

आतून आवाज आला. "अहो."

कोरडं, आखूड. पाणी. गुडघ्यावर हात टेकून मी सवयीनं उठायला लागलो.

आत भांडं वाजलं.